रोडकडचा हरभरा

मी जर्मनीला गेलो तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. परत आलो तेव्हा ते छत्रपती संभाजीनगर झालं होतं. मधल्या काळात पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीला सिमेंटचा रस्ता झाला, चुलतभावाचं लग्न होऊन त्याला मुलगा झाला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं दुमजली घर बांधलं. मी मात्र जाताना पोस्टडॉक होतो आणि येतानाही पोस्टडॉकच होतो.

पोस्टडॉक म्हणजे काय, हे वडिलांना समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या जगात माणूस नोकरीला लागतो, बढतीवर जातो आणि रिटायर होतो. यापलीकडे चौथी काही अवस्था असते, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"पीएच.डी. झाली ना तुझी?"

"झाली."

"मंग आता हे काय चाललंय?"

"पीएच.डी.नंतरचं संशोधन."

"शिक्षण हाय का नोकरी?"

"दोन्हीच्या मधलं."

"पेन्शन हाय?"

"नाही."

वडिलांनी थोडा विचार केला. "मंग शिक्षणच हाय," ते म्हणाले.

तेव्हापासून लग्नाकार्यात कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगं जर्मनीत असतंय." काय करतंय, हे सांगायचे नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

माझं काम एका बुरशीवर होतं. ही बुरशी मातीत राहते आणि पिकाचं मूळ कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालून मारते. ती मारते हे लोकांना पूर्वीपासून माहीत होतं. कशी मारते हे शोधण्यात मी आधी बंगळुरूला आणि मग जर्मनीतल्या दोन गावांत माझी जवानी घातली. शेवटी जे कळलं ते एका शोधनिबंधात छापून आलं. तो वाचलेली तीन माणसं मला माहीत आहेत. त्यांतला एक मी आहे आणि एक असा आहे, ज्याला तो पटलेला नाही.

पोस्टडॉकनंतर काय होतं, असं मला हल्ली विद्यार्थी विचारतात. मी माझ्याबरोबरच्या लोकांची उदाहरणं देतो. एकजण सूक्ष्मदर्शक विकतो आणि आम्हा सगळ्यांपेक्षा त्याला सूक्ष्मदर्शक जास्त कळतो. एकीनं परदेशी शास्त्रज्ञांचं इंग्रजी सुधारून द्यायचा धंदा काढला. तिला रोज दहा विषयांतले शोध छापण्याआधी वाचायला मिळतात आणि एकही आठवत नाही. एकानं सिडकोत 'नीट'चा क्लास उघडला आहे आणि तो वर्गात कधीही "याबद्दल मतभेद आहेत" असं म्हणत नाही. एकजण अजून पोस्टडॉकच आहे. त्याच्याविषयी आम्ही हळू आवाजात बोलतो. आणि एकजण खरोखर प्रोफेसर झाला. लॉटरीच्या दुकानात बक्षीस लागलेल्या माणसाचा फोटो लावतात ना, तसा तो आम्हाला वर्षानुवर्षं दाखवला गेला.

मीही त्याच तिकिटाची वाट पाहत होतो. परत आल्यावर माझ्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटायला गेलो. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "योग्य वेळी आलात. जाहिरात निघणारच आहे." मला फार बरं वाटलं. गेटपर्यंत आल्यावर आठवलं, की मी एम.एस्सी.ला असतानाही हे वाक्य याच खुर्चीतून ऐकलं होतं. फक्त तेव्हा खुर्चीत दुसरे गृहस्थ होते.

आता घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. मुलगी तिसरीत होती आणि ही तिची चौथी शाळा होती. इयत्तेपेक्षा शाळांचा आकडा मोठा असलेली ती आमच्या खानदानातली पहिलीच. बायको गणिताची शिक्षिका. माझ्यामागं फिरण्यात तिनं दोन नोकऱ्या सोडल्या होत्या आणि तिसरी तिला मिळूच शकली नव्हती, कारण तिथल्या मुलांना गणित जर्मनमधून शिकवावं लागतं. इथं आल्यावर महिन्याभरात तिला गारखेड्यातल्या एका शाळेत नोकरी लागली. मी अजून जाहिरातीच्या शोधात होतो.

त्यातच माझ्या जर्मन प्रोफेसरांची मेल आली. दोन वर्षांची आणखी एक फेलोशिप होती. जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती; जानेवारी संपायच्या आत कळवायचं होतं.

मी बायकोला मेल दाखवली. आमच्यात ती मला अरे-तुरे करते. वडिलांसमोर मात्र "अहो" म्हणते, आणि भांडण गंभीर असेल तर वडील नसतानाही "अहो" म्हणते.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही दोघी इथंच राहू."

"म्हणजे मी एकटा?"

"दोन वर्षांनी या. मग परत दोन वर्षांसाठी जा. पोरगी बारावी झाली की कळवू."

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मार्ग निघाला असता. ती वेळापत्रक सांगत होती.

म्हणून मी चितेगावच्या कंपनीत अर्ज केला. आमच्या शहरातून पैठणकडं निघालं की रस्त्यावरच चितेगाव लागतं, आणि तिथल्या कारखान्यांमध्ये ही एक छोटी कंपनी होती. ती माझीच बुरशी पुड्यांत भरून विकायची. काळ्या भुकटीत बुरशी मिसळायची आणि पेरणीआधी ती बियाण्याला चोळायची; म्हणजे हरभऱ्याला मर लागत नाही, रोपं उभ्या-उभ्या वाळत नाहीत. मालक मूळचे शेतकरी. पूर्वी मोंढ्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. मुलाखत त्यांनीच घेतली.

"तुमी कशावर काम केलंय, डॉक्टर?"

मी सांगायला लागलो. वेटोळे कसे पडतात, कोणतं प्रथिन आधी सुटतं, कोणतं नंतर. मालकांनी हात वर केला.

"मारती ना?"

"काय?"

"आपली बुरशी. दुसरीला मारती ना?"

"बहुतेक परिस्थितींत मारते."

"बास मंग. सोमवारपासून या. सहा महिने बघू, मंग कायम करू."

माझ्या आयुष्यातल्या संशोधनाचा इतका चांगला सारांश मला कधी जमला नव्हता. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की आता सहा महिने नीट काढले की झालं. ती म्हणाली, "नीट म्हणजे कसं, ते विचारून घे कुणाला तरी."

मी कुणालाही विचारलं नाही.

कंपनीत मला पहिलं मोठं काम मिळालं ते हरभऱ्याच्या प्लॉटचं. दरवर्षी कंपनी एखाद्या शेतकऱ्याच्या रानात अर्ध्या भागात औषध लावलेलं बियाणं पेरते, अर्ध्या भागात साधं. हरभरा घाट्यांवर आला, की आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांना बोलवायचं, मांडव टाकायचा, भाषण करायचं, जेवण घालायचं. लोक डोळ्यांनी फरक बघतात आणि पुढच्या साली भुकटी घेतात. या वर्षी रान होतं मालकांच्या साडूचं. मालकांची बायको आणि या साडूंची बायको सख्ख्या बहिणी. रान चितेगावच्या पुढं, अगदी पैठण रोडला लागून.

पेरणीच्या दिवशी सेल्सचे साहेब माझ्याबरोबर आले. कंपनीचा सगळा माल तेच विकत आणि सगळे त्यांना साहेबच म्हणत. त्यांनी रान बघितलं आणि बोट दाखवलं. "डॉक्टर, बिनऔषधाचं ते तिकडं, लिंबाखाली टाका. तिथं सावली हाय, पाणी बी पोचत नाय."

"मग ते वाईटच येईल."

"म्हणून तर."

आता इथं मी "बरं" म्हणायला पाहिजे होतं. कुठलाही संसारी माणूस म्हणाला असता. पण मी जिथं वाढलो त्या जमातीत ही गोष्ट म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखी. मी म्हणालो, "असं चालत नाही. रानाचे सहा पट्टे करू. तिनात औषध, तिनात काही नाही. कुठला पट्टा कुठं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. म्हणजे कुणी काही म्हणणार नाही."

"कोण म्हणतंय? आपलंच रान, आपलंच औषध!"

साडूंना मात्र चिठ्ठ्यांची कल्पना आवडली. ते म्हणाले, आमच्याकडं भिशीत असंच असतं. त्यांनी गळ्यातली दस्ती पसरली, मी चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यांनी डोळे मिटून एक-एक उचलली. औषधाचे तिन्ही पट्टे आले आतल्या बाजूला, विहिरीकडं. बिनऔषधाचे तिन्ही आले रोडकडं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "हे चिठ्ठ्यांनी झालं?"

"होतं असं कधी कधी. योगायोग आहे."

"परत टाका."

"परत टाकल्या तर तो योगायोग राहत नाही."

साहेब गाडीत जाऊन बसले. मी साडूंना समजावलं, की सहाही पट्ट्यांना खत-पाणी अगदी सारखं द्यायचं. एकाला एक, दुसऱ्याला दुसरं असं नको.

"व्हय व्हय, डॉक्टर. आपल्याकडं भेदभाव नाय."

मग त्यांनी विचारलं, "पर मला सांगा, ह्या रोडकडच्या पट्ट्यांना कायच नाय लावायचं?"

"काहीच नाही."

"उपाशीच ठेवायचं म्हणा की."

"उपाशी नाही. फक्त बुरशी नाही."

"व्हय," ते म्हणाले. पण ज्या नजरेनं त्यांनी रोडकडच्या जमिनीकडं पाहिलं, ती नजर मी तेव्हाच ओळखायला हवी होती. सुनेनं सासऱ्याच्या ताटात एक पोळी कमी वाढली, की सासू अशी बघते.

पुढं मी दर आठवड्याला स्कूटरवरून रान बघायला जायचो. हरभरा फुटला, वाढला आणि डिसेंबरात माझ्या लक्षात आलं, की रोडकडचा हरभरा जास्त हिरवा आहे. नुसता जास्त नाही. विहिरीकडचा हरभरा चांगला होता, पण रोडकडचा जणू लग्नाला निघाला होता.

माझी झोप उडाली असं म्हणता येणार नाही. उलट मला आनंद झाला. अनपेक्षित निष्कर्ष आला की शास्त्रज्ञाला आनंद होतो. नोकरदाराला घाम फुटतो. मी अजून पहिल्याच जातीत होतो. रोज संध्याकाळी मी कारणं शोधायला बसायचो. रोडवरच्या धुळीत काही खनिजं असतील का? डांबराच्या उष्णतेचा परिणाम असेल का? ट्रकच्या धुरातला नायट्रोजन? धुरावर मी एक अख्खा रविवार घालवला. मुलीनं विचारलं, "बाबा, हरभऱ्याला ट्रक आवडतो का?" मी म्हणालो, "आत्ताच काही सांगता येणार नाही."

पाटबंधारेवाल्याच्या पोटी जन्मलेल्या माणसानं पिकात इतका फरक दिसल्यावर पहिली शंका खत-पाण्याची घ्यावी. मी ती शेवटची घेतली. साडूंना विचारलं, "सगळ्यांना सारखंच देताय ना?"

"तुमाला सांगितलं की. भेदभाव नाय."

मी समाधानानं परतलो. ज्या गोणीवर बसून मी त्यांच्या ओट्यावर चहा प्यायलो, ती डीएपी खताची रिकामी गोणी होती आणि तशा आणखी दोन तिथं घडी घालून ठेवल्या होत्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मला त्या बसायला मऊ वाटल्या.

मेळावा संक्रांतीनंतर ठेवला होता. इकडं जर्मन प्रोफेसरांना उत्तर द्यायचे दिवसही जवळ आले होते. मी त्यांना होही कळवलं नव्हतं, नाहीही नाही. बायको काही विचारत नव्हती. तिनं फक्त मुलीच्या पुढच्या वर्षाच्या रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं होतं, आणि ते माझ्यासमोर, मुद्दाम मोठ्यानं. मालकही म्हणाले होते, "मेळावा चांगला झाला की तुमचं कायमचं बघून टाकू." म्हणजे सगळं त्या हरभऱ्यावर येऊन ठेपलं होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी रानात पोचलो, तर पाट्या बदललेल्या. 'औषध लावलेले' ही हिरवी पाटी रोडकडं आणि 'औषध न लावलेले' ही पांढरी पाटी विहिरीकडं. साहेब चुना लागलेले हात झटकत उभे होते.

"डॉक्टर, आपण फिरवल्या पाट्या. तुमी फक्त पाटी वाचायची. डोकं नाय लावायचं."

मी विहिरीकडं पाहिलं, रोडकडं पाहिलं. मग मला मुलीची चौथी शाळा दिसली. बायको म्हणाली होती की त्या दोघी इथंच राहणार. म्हणजे ही नोकरी गेली की मी जर्मनीत, आणि त्या शाळेच्या गेटवर मी नव्हतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून म्हणालो. खोटं बोलायचं ठरवायला मला पाण्याचा एक ग्लास संपवण्याइतकाही वेळ लागला नाही. पुढं जे झालं त्यात माझ्या सत्यप्रियतेचा काही संबंध नाही, हे इथंच नोंदवून ठेवतो.

लोक आले. बोलेरोतून, मोटारसायकलींवरून, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या, पण जानेवारीत घाट्यांनी लगडलेला हरभरा समोर असताना मराठवाड्यातला माणूस खुर्चीत बसत नाही. लोक रानात शिरले आणि हरभऱ्याचे डहाळे उपटून सोलून खायला लागले. माझं मोजमापाचं झाड कोणतं, राखून ठेवलेलं झाड कोणतं, काही पाहिलं नाही. "अहो, ते नका उपटू, ते मोजायचंय," असं मी एका आजोबांना म्हणालो. ते म्हणाले, "मोज की. म्या धरतो," आणि अर्धं सोललेलं झाड माझ्यापुढं धरलं. सगळे खात होते ते रोडकडचं. मालकांनीही रोडकडचाच डहाळा उपटला आणि साहेबांकडं बघून मान डोलावली. साहेबांच्या चेहऱ्यावर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोहे चांगले झाल्याचं समाधान होतं.

नारळ फुटला, सत्कार झाले, आणि माईक माझ्याकडं आला.

भाषण उत्तम चाललं होतं. मी बुरशी सांगितली, मर रोग सांगितला, पाट्या दाखवल्या. "रोडकडचा हरभरा तुम्ही पाहताच आहात," म्हणालो, तर टाळ्या पडल्या. माझ्या कुठल्याच भाषणाला मध्येच टाळ्या पडलेल्या नव्हत्या. त्यानं माझा ताबा सुटला. म्हणजे मी निर्धास्त झालो, आणि निर्धास्त झाल्यावर माणसाचं तोंड त्याच्या सवयीनं चालतं.

माझी सवय अशी, की बंगळुरूपासून आजवर मी केलेल्या प्रत्येक भाषणाचा शेवट एकाच गोष्टीनं झालेला आहे. निष्कर्ष सांगून झाले, की आपल्या प्रयोगाच्या मर्यादा सांगायच्या. न सांगितल्या तर समोरचा कुणीतरी सांगतो आणि ते फार अपमानाचं असतं. त्यामुळे आम्ही आपल्या हातानंच सांगून टाकतो. मी ऐकलं तर माझाच आवाज कर्ण्यातून येत होता:

"अर्थात, या प्रयोगाच्या काही मर्यादा लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे, हे एकाच रानातलं, एकाच हंगामातलं निरीक्षण आहे. दुसरं, चिठ्ठ्यांमुळं एका प्रकारचे सगळे पट्टे एकाच बाजूला आले. आणि तिसरं, पाट्या आज सकाळी बदललेल्या आहेत."

चौथी मर्यादा सांगायला मी श्वास घेतला, तेव्हा मला शांतता ऐकू आली. पैठण रोडवरून एक ट्रक गेला, तोही नीट ऐकू आला. साहेबांनी मांडवाचा खांब धरला होता.

पुढच्या रांगेतले एक पागोटेवाले उठले. "म्हंजे कसं? आमी खाल्ला तो हरभरा बिनऔषधाचा?"

मी मालकांकडं पाहिलं. मालक हातातल्या डहाळ्याकडं पाहत होते.

"हो," मी म्हणालो.

"अन् औषधाचा तो तिकडला? सुकडा?"

"सुकडा नाही, तो चांगलाच आहे. फक्त तुलनेनं..."

"मंग ह्याच्यात टाकलं तरी काय?"

"काही नाही. मी रोडवरच्या धुळीचा अभ्यास करतोय."

तेव्हा साडू उठले. त्यांना माईक लागला नाही. "धूळ कशाची, डॉक्टर? डीएपी दिलंय म्या! अन् दोन पाणी जास्तीचं!"

"तुम्ही तर म्हणाला होता की भेदभाव नाही."

"नायच! तिकडल्याला तुमचं औषध व्हतं, मंग इकडल्यानं काय पाप केलं? अन् पोरीचं लग्न ठरलंय माझ्या. पाव्हणे पैठणचे. ह्याच रोडनं येतेत-जातेत. रोडकडचं रान मरगळलेलं दिसल्यावर काय म्हणतेन? सासऱ्याला शेती जमत नाय म्हणतेन!"

मांडव जो हसायला लागला तो थांबेना. "अरे, मंग औषधापेक्षा साडू भारी!" कुणीतरी मागून ओरडलं. दुसरा म्हणाला, "पुड्यात साडूच भरून विका!" साडू दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मुलीच्या लग्नातही एवढा दिसला नाही. लग्नाला मी होतो, म्हणून सांगतो.

पागोटेवाले मात्र बसले नव्हते. "डॉक्टर, एक सांगा. औषध बी लावलं अन् डीएपी बी दिलं, तर?"

साहेब माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघत होते, की बाबा, एवढं तरी बोल. लई पीक येतं म्हण. मी बोलणारच होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तो प्रयोग केलेला नाही."

जेवणं मात्र झकास झाली. बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. परत येताना गाडीत साहेब पुढं बसले, मी मागं. चितेगावपर्यंत ते एकच वाक्य बोलले, तेही ड्रायव्हरला: "एसी बंद कर, मला थंडी वाजतीय."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती आधी हसली, मग हसायची थांबली.

"म्हणजे ही पण गेली."

"उद्या कळेल."

"जर्मनीला काय कळवलंस?"

"अजून काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मुलीचा पाढा घ्यायला लागली. सतराचा पाढा होता. ती मुलीला चुकू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. साहेब आधीच बसलेले होते, आणि आपलं म्हणणं मांडून झाल्यासारखे बसलेले होते.

"डॉक्टर," मालक म्हणाले, "तुमी इमानदार हायेत का येडे, त्येच कळंना मला."

"मलाही ते ठरवता आलेलं नाही."

"पाट्या फिरवल्याचं तुमाला ठाव व्हतं?"

"हो."

"गप बसायचं ठरलं व्हतं?"

"हो. मी कबूलही केलं होतं."

"मंग?"

"सवय आहे. शेवटी मर्यादा सांगायची."

मालकांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"साहेब म्हणतेत, काढून टाका," मालक म्हणाले. "माझं बी कालच्याला तेच मत व्हतं. पर रातच्याला साडूचा फोन. म्हणाला, तुमचा डॉक्टर लई बेस माणूस. आख्ख्या पंचक्रोशीसमोर त्यानं मला खरं बोलायला लावलं. व्याही बी ऐकत व्हते म्हणं. डॉक्टरला काढलं तर लग्नाला येऊ नका." त्यांनी आवाज खाली आणला. "अन् हे माझ्या बायकोनं बी ऐकलंय."

साहेबांनी लगेच मान डोलावली. ते संसारी गृहस्थ होते.

"मला सांगा," मालकांनी विचारलं, "कारखान्यातून माल भाईर पडायच्या आधी कुणी बघतंय का, पुड्यात बुरशी जित्ती हाय का मेली?"

"कागदावर बघतात."

"तुमी बघा. जिथं मेली असंल तिथं तोंड उघडा. जेवढं उघडायचं तेवढं तिथंच उघडा. मांडवात माईक दिसला की लांब पळा."

"आणि कायमचं?"

"कायमचं कशाचं? अजून सहा महिने बघू."

माझी मुदत वाढवण्यात आली होती. या एका गोष्टीचा मला दांडगा अनुभव होता. मी आभार मानले, आणि सवयीनं विचारणार होतो की मुदतवाढीचं पत्र कधी मिळेल, पण तोंड आवरलं. त्या दिवशी पहिल्यांदाच आवरलं.

घरी वडील ओट्यावर पेपर वाचत होते. "झालास का कायम?"

"नाही. वाढवलं."

"वाढवलं म्हंजे काढलं नाय ना?"

"नाही."

"मंग ही नोकरीच हाय," वडील म्हणाले आणि पान उलटलं.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी तिला सांगितलं, की कायम केलं नाही, पण आहे. काम तपासणीचं, सहा महिने आणखी.

"म्हणजे तेच."

"तेच. पण इथं."

तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं, हात पुसले आणि लॅपटॉप आणून माझ्यापुढं ठेवला. "मग लिही त्यांना."

"लिहितो सकाळी, नीट विचार करून."

"आत्ता लिही. मी बसते इथं."

मी लिहिलं. प्रोफेसरांचे उपकार लिहिले, बुरशीबद्दलची ओढ लिहिली, आमच्या भागातल्या हरभऱ्यावर काम करायची किती गरज आहे ते लिहिलं. कौटुंबिक जबाबदाऱ्या लिहिल्या. मग लिहिलं, की या सगळ्याचा विचार करता सध्या मला येणं शक्य होणार नाही.

बायकोनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. तिला माझ्या इंग्रजीची सवय आहे. फाफटपसाऱ्यातून ती बरोबर गणित काढते. तिनं एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'सध्या' काढ."

"अगं, तो शिष्टाचार असतो. दार अगदी बंद करू नये."

"अहो," ती म्हणाली.

मी तो शब्द काढला. तिनं पुन्हा वाचून पाहिलं, आणि पाठवायचं बटण मी दाबेपर्यंत तिथून हलली नाही.